पाच प्रश्नांची पाठ उत्तरं

मला अमेरिकन फुटबॉलचा राग आहे. तो खेळणाऱ्यांचा आहे, शिकवणाऱ्यांचा आहे, आणि रविवारी भर दुपारी गारठ्यात उभं राहून टाळ्या पिटणाऱ्यांचा तर फारच आहे. तरीही आमच्या मुलाच्या युनिव्हर्सिटीतल्या अमेरिकन फुटबॉल क्लबचा अधिकृत इतिहास मी लिहिलेला आहे. चकचकीत कागद, मुखपृष्ठावर दात विचकणारा लांडगा. आत लेखिकेचं नाव नाही. ते मीच घालू दिलं नाही.

आम्ही वेल्समधल्या कार्डिफचे. म्हणजे मूळचे पुण्याचे, पण हॉस्पिटलातल्या नोकऱ्यांनी इथले झालो. नवरा भूलतज्ज्ञ, मी पॅथॉलॉजिस्ट. तो माणसांना झोपवतो आणि मी त्यांचे कापून काढलेले तुकडे मायक्रोस्कोपखाली बघते, त्यामुळे आमच्या दोघांच्याही वाट्याला फारसे बोलके पेशंट येत नाहीत. मुलगा एकुलता एक. कार्डिफमध्ये वाढूनसुद्धा तो रग्बीच्या वाटेला गेला नाही, म्हणून मी मनातल्या मनात देवाचे आभार मानत होते. मग तो नदीवरचा पूल ओलांडून पलीकडे इंग्लंडात शिकायला गेला. पहिल्याच आठवड्यात, जिथे सगळे क्लब टेबलं मांडून नव्या पोरांना गळाला लावत बसतात, तिथे या लोकांनी त्याच्या डोक्यावर एक हेल्मेट चढवलं आणि फोटो काढला. तो फोटो त्याने आम्हाला पाठवला.

"अरे वा," नवरा म्हणाला, "टीम स्पोर्ट आहे. चांगलंय."

"खेळ अमेरिकेचा, मैदान इंग्लंडचं आणि खेळणार आपला वरणभात," मी म्हणाले.

नवऱ्याला कॉमेंट्री असलेलं काहीही चालतं. मी मात्र पहिला सामना बघितला तेव्हाच माझ्या डोक्यात तिडीक गेली. आमचा मुलगा रनिंग बॅक. म्हणजे चेंडू पोटाशी धरायचा, मान खाली घालायची आणि समोर उभ्या असलेल्या दांडगटांमध्ये घुसायचं. मग ते सगळे याच्या अंगावर पडणार. मग शिट्टी. मग सगळे उठून, झटकून, पुन्हा तेच. याला तासाभराचा खेळ म्हणतात, पण तो चालतो तीन तास, कारण मधल्या वेळात सगळे उभं राहून पुढच्या वेळी कुणाला कसं पाडायचं याची चर्चा करतात.

त्या पहिल्या सामन्यात मी मैदानाच्या कडेला बांधलेल्या दोराच्या मागून ओरडले होते, "अरे, सांभाळून! मान सांभाळ!" सामना संपल्यावर तो माझ्याजवळ आला. घामाने निथळत होता आणि चेहरा माझ्यापेक्षा मोठ्या माणसाचा केला होता.

"मम, प्लीज. मराठी नको. नॉट इन फ्रंट ऑफ द लॅड्स."

हे 'मम' कधी सुरू झालं ते मला नीट आठवतं. शाळा बदलली तेव्हा. त्याआधी मी आई होते. मराठीत मंमं म्हणजे तान्ह्या बाळाचं जेवण, त्यामुळे मला ती हाक आजतागायत स्वतःची वाटलेली नाही. लहानपणी तो घडाघडा मराठी बोलायचा, फक्त त्यातली लिंगं त्याने स्वतः ठरवलेली असायची. सगळं जग पुल्लिंगी. 'तो बस आला', 'माझा पिशवी', आणि दिवसातून दहा वेळा, 'आई, भूक लागला.' लागली म्हण रे, लागली, असं मी सांगत राहायचे. पुढे त्याने मराठीच सोडून दिलं. नवऱ्याचं म्हणणं, मी चुका काढून काढून त्याची बोलतीच बंद केली. नवऱ्याला असं म्हणणं सोपं आहे, कारण त्याने मुलाला मराठीत कधी काही शिकवलं नाही. दर रविवारी डोंबिवलीहून माझ्या आईचा फोन यायचा, तेवढ्यापुरता मुलगा आजीशी दोन वाक्यं मराठीत बोलायचा. तो युनिव्हर्सिटीत जायच्या आदल्या वर्षी माझी आई गेली आणि तेही संपलं.

तर इतिहास. क्लबचा मोठा वर्धापनदिन आला होता. जुन्या खेळाडूंची एक समिती होती, तिला एक पुस्तिका हवी होती, आणि ती लिहायला अर्थातच कुणालाही वेळ नव्हता. आमच्या चिरंजीवांनी परस्पर सांगून टाकलं, "माय मम राइट्स." मी महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळी अंकात वर्षाला एक लेख लिहिते. तेही इथल्या बाकीच्या डॉक्टरीणबाया फराळाचे फोटो टाकतात म्हणून, कुणीतरी काहीतरी लिहायला हवं या हट्टाने. पण लॅड्सना दिवाळी अंक काय माहीत? माझी नेमणूक झाली.

मी नाही म्हणू शकले असते. पण त्यानिमित्ताने मुलगा आठवड्याला फोन करायला लागला. अमक्याशी बोललीस का, तमक्याचा नंबर पाठवतो, फाउंडरने काय सांगितलं. एरवी आमचे फोन 'ऑल गुड' आणि 'गॉटा गो' या दोन शब्दांत संपायचे. आता तो अर्धा अर्धा तास बोलत होता, आणि त्या अर्ध्या तासासाठी मी लांडग्यांचाच काय, कोल्ह्यांचाही इतिहास लिहिला असता.

क्लबचे संस्थापक आता निवृत्त भूगोल शिक्षक आहेत. व्हिडिओवर दिसले ते गुलाबी चेहऱ्याचे, गुडघ्यावर पट्टा बांधलेले, अतिशय सभ्य गृहस्थ. त्यांनी सांगितलेली हकीकत अशी: विद्यार्थी असताना एका गळक्या घरात ते आणि त्यांचे मित्र रविवारी संध्याकाळी टीव्हीवर हा खेळ बघायचे. बघता बघता त्यांच्यापैकी कुणाला तरी वाटलं की हे आपणही करू शकू. नियम कुणालाच नीट माहीत नव्हते. खांद्यांवरचे पॅड त्यांनी जुन्या कार्पेटखालच्या फोमचे शिवले. रग्बीवाल्यांनी मैदानावर पाय ठेवू दिला नाही, म्हणून ते सुपरमार्केटच्या कारपार्कमध्ये सराव करायचे आणि पडायची पाळी आली की कडेच्या गवतात जाऊन पडायचे. हेल्मेटं संघाला पुरेशी नव्हती. चढाई करणारे बाहेर आले की बचाव करणाऱ्यांना आपली घामट हेल्मेटं द्यायचे आणि ते ती तशीच डोक्यात घालून आत धावायचे. पहिला सामना त्यांनी एका हवाई तळावरच्या अमेरिकन जवानांशी खेळला आणि एकही गुण न करता मार खाल्ला. "दे वर लव्हली अबाउट इट," ते म्हणाले.

मला हे सगळं आवडायला लागलं होतं, हे कबूल करते. कारपार्कमधली ती येडी पोरं डोळ्यांसमोर दिसत होती. मग त्यांनी हेल्मेटांची गोष्ट पुन्हा सांगितली. तीच, त्याच शब्दांत, त्याच ठिकाणी हसून. आणि निरोप घ्यायच्या आधी तिसऱ्यांदा. पडद्याबाहेरून एका बाईचा आवाज आला, "यू'व्ह टोल्ड हर दॅट, लव्ह." ती त्यांची बायको. आवाजात राग नव्हता, सवय होती. ते क्षणभर गोंधळले, मग पुन्हा हसले.

मी लगेच डोक्याला बसलेल्या मारांचं निदान करून मोकळी झाले नाही. वय झालेली माणसं तेच तेच सांगतात, माझे वडीलही सांगायचे. पण त्या रात्री मी मुलाला मेसेज केला की सराव करताना मान खाली घालू नकोस. त्याने अंगठा पाठवला.

नंतरचा इतिहास बराचसा मोडतोडीचा आहे. क्लब दोनदा बंद पडला. एकदा खेळायला पोरंच उरली नाहीत म्हणून, एकदा कुणीतरी बसच्या सीटला आग लावली म्हणून. आधी बोधचिन्ह अस्वल होतं, मग ते लठ्ठ दिसतं असा ठराव झाला आणि लांडगा आला. मी ज्याला ज्याला फोन केला त्याने त्याने मला हसत हसत आपली हाडं मोजून दाखवली. खांदा, मनगट, घोट्यातला स्क्रू. डोक्याचं विचारलं की म्हणायचे, "ओह, गॉट माय बेल रंग अ फ्यू टाइम्स." डोक्यात घंटा वाजली, म्हणे. देवळात जाऊन आल्यासारखं सांगायचे.

समितीचे अध्यक्ष बर्मिंगहॅमच्या एका बँकेत मोठ्या जागेवर आहेत. त्यांच्या काळात ते कप्तान होते. ते मला म्हणाले, "तुम्हाला आमच्या पाच प्रश्नांची गंमत सांगतो, पण ती कदाचित छापू नका."

गंमत अशी. डोक्याला मार लागलेल्या खेळाडूला मैदानाच्या कडेला फिजिओ पाच प्रश्न विचारतो. आपण कुठल्या मैदानावर आहोत? आता कितवा क्वार्टर चालू आहे? शेवटचे गुण कुणी केले? मागचा सामना कुणाशी झाला? तो आपण जिंकलो का? एक जरी उत्तर चुकलं तरी खेळाडू बाहेर. म्हणून या क्लबात फार जुनी प्रथा आहे. सामन्याला जाताना बसमध्ये नव्या पोरांना उभं करून उत्तरं पाठ करून घ्यायची. मैदान, मागचा सामना, निकाल. सगळी बस एका सुरात प्रश्न विचारणार आणि पोरगा एका सुरात उत्तरं देणार. उरलेल्या दोन प्रश्नांसाठी राखीव खेळाडू फिजिओच्या पाठीमागे उभे राहून बोटं दाखवणार. "नेव्हर लॉस्ट अ मॅन टु द क्वेश्चन्स," अध्यक्ष म्हणाले आणि पोट धरून हसले.

मला हसू आलं नाही. मी पाढे म्हणत वाढलेली बाई आहे. लहानपणी मी तापाने फणफणले होते, माणसं ओळखत नव्हते, आणि वडिलांनी मला जागं ठेवायला पाढा विचारला तर मी एकोणतीसचा पाढा शेवटपर्यंत न अडखळता म्हटला होता. आईने ही गोष्ट कौतुकाने सगळ्यांना सांगितली. पाठ केलेलं म्हणायला डोकं जागेवर असावं लागत नाही, हे ज्याने घोकंपट्टी केली आहे त्याला कुणी सांगायला नको. या गोऱ्या लोकांना ते कसं कळणार? त्यांना वाटतं, उत्तर बरोबर आलं म्हणजे माणूस शुद्धीवर आहे.

"तुलाही पाठ आहेत का ती उत्तरं?" मी मुलाला विचारलं.

"एव्हरीवन डझ इट, मम. इट्स बँटर." सगळेच करतात, थट्टामस्करी आहे, म्हणे.

मी तो मजकूर पुस्तिकेत घातला. अध्यक्षांनी तो काढला. मी पुन्हा घातला. त्यांनी मला फोन करून अत्यंत गोड आवाजात सांगितलं की हे सगळं जुन्या काळातलं आहे, आता तसं काही होत नाही आणि हल्लीच्या वातावरणात ते बरं दिसणार नाही. मी म्हणाले, माझा मुलगा आत्ता, या वर्षी, ती उत्तरं पाठ करतोय. ते म्हणाले, "बॉइज एक्झॅजरेट." मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "अगं, पोरं आहेत. फिजिओ काय मूर्ख असतो का?" पुस्तिका छापून आली तेव्हा तिथे पोरांचा बसमधला एक हसरा फोटो होता आणि खाली लिहिलं होतं, 'टीम स्पिरिट'. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणून मी नाव घालू दिलं नाही.

वर्धापनदिनाचा सामना घरच्या मैदानावर होता आणि तो सीझनचा शेवटचा होता. जिंकले तर वरच्या गटात जाणार. बारीक पाऊस, वारा, बर्गरचा वास. जुने खेळाडू आपली जुनी जॅकेटं पोटावर ताणून आले होते. एका टेबलावर माझ्या पुस्तिकांचा गठ्ठा होता आणि शेजारी संस्थापकांचं पहिलं हेल्मेट मांडून ठेवलं होतं, रंग उडालेलं, जाळी वाकलेली. संस्थापक येणाऱ्या प्रत्येकाला त्याची गोष्ट सांगत होते. त्यांची बायको दोन पावलं मागे, हातात त्यांची टोपी घेऊन उभी होती. मी तिला नमस्कारादाखल मान हलवली. तिने माझ्याकडे निरखून बघितलं आणि विचारलं, "विच वन इज युअर्स?" मी दाखवला. तिने नजर पुन्हा आपल्या नवऱ्याकडे वळवली.

दुसऱ्या क्वार्टरमध्ये मुलगा चेंडू घेऊन घुसला आणि दोन बाजूंनी दोघे त्याच्यावर आदळले. त्याचं डोकं आधी एकाच्या हेल्मेटला लागलं आणि मग जमिनीला. तो उठला. उठला आणि चालत आमच्या बाजूला आला, सरळ रेषेत, म्हणून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नवरा त्या वेळी चहाच्या रांगेत होता.

फिजिओ एक तरुण मुलगी होती, त्या दिवसापुरती बोलावलेली. काम नीट करत होती, हे मला सांगायलाच हवं. तिने त्याचं हेल्मेट काढलं, डोळ्यांत बघितलं, पाच प्रश्न विचारले. तिच्या पाठीमागे राखीव पोरांपैकी एकाने दोन बोटं वर केली. मी ती बघितली. मुलाने पाचही उत्तरं दिली. घडाघडा, अगदी पाढ्यासारखी.

"ही'ज गुड," फिजिओ कोचला म्हणाली.

तेवढ्यात मुलाने मान वळवली. मी दोराच्या मागे, हातभर अंतरावर होते. त्याने मला बघितलं आणि सगळ्या लॅड्ससमोर, मोठ्या, मोकळ्या आवाजात तो म्हणाला,

"आई, भूक लागला. आजीचा फोन आला का?"

किती वर्षांनी त्याने मला आई म्हटलं होतं. माझा पहिला विचार हा होता, दुसरा कुठलाच नाही. मला भरून आलं. मी हसलेसुद्धा. आणि मग त्याचे शब्द माझ्यापर्यंत पोचले.

"तू कुठे आहेस, बाळा?" मी मराठीत विचारलं.

हा प्रश्न पाठ नव्हता. इंग्रजीत विचारलेला हाच प्रश्न त्याने क्षणापूर्वी अचूक सोडवला होता. मग त्याच्या कपाळावर आठी आली. लहानपणी वजाबाकी अडली की यायची तशी.

"घरी," तो म्हणाला. "ना?"

मी दोर ओलांडला. "हा खेळणार नाही," मी फिजिओला सांगितलं. "हा शुद्धीवर नाही."

"त्याने सगळी उत्तरं बरोबर दिली," ती म्हणाली.

"पाठ केली आहेत. तुझ्या मागे उभं राहून तो पोरगा बोटं दाखवत होता. याने मला आत्ता त्याच्या आजीच्या फोनचं विचारलं. त्याची आजी जिवंत नाही."

कोच मध्ये आला. हा कोच फुकट काम करतो, आठवडाभर शाळेत शिकवतो आणि रविवार या पोरांना देतो, असं मीच पुस्तिकेत कौतुकाने लिहिलं होतं. तो मला म्हणाला, "मम, विथ रिस्पेक्ट, दोराच्या मागे जा."

"मी तुझी मम नाही," मी म्हणाले.

त्याने मुलाच्या खांद्यावर हात ठेवला. "डिड यू से दॅट, मेट? समथिंग अबाउट युअर नॅन?"

मुलाने मान हलवली. "नो, कोच. आय'म गुड." स्वच्छ इंग्रजीत. फिजिओ एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होती. मी इंग्रजीत कितीही सांगितलं तरी तिच्या दृष्टीने मी दोराच्या आत घुसलेली एक घाबरलेली परदेशी आई होते. डॉक्टर आहे असंही मी सांगितलं. कसली, असं कोचने विचारलं आणि मी मूर्खासारखं खरं ते सांगितलं.

मग मी हेल्मेट घेतलं. ते बाकावर पडलं होतं. उचललं, दोराशी नेलं, चिखलात ठेवलं आणि त्यावर बसले. हेल्मेटशिवाय खेळता येत नाही, हा एक नियम तरी या खेळात शहाणपणाचा आहे. माझा चांगला लोकरीचा कोट गेला. मागून हशा उठला, मग शिट्ट्या, मग शिव्या. "गेट हर ऑफ!" कुणीतरी ओरडलं. आमचा मुलगा माझ्याकडे अशा नजरेने बघत होता, जणू मी त्याच्या घरादाराला आग लावली आहे. आणि अध्यक्ष, बँकेतले ते मोठे साहेब, हसत हसत पुढे आले आणि ओरडले, "स्वॅप लिड्स! जुन्या दिवसांसारखं! कुणीतरी त्याला आपलं हेल्मेट द्या!"

राखीव पोरांतल्या एकाने खरोखरच आपलं हेल्मेट काढून पुढे केलं. आमच्या मुलाने हात लांब केला.

ते हेल्मेट त्याच्या हातात पडलं नाही. संस्थापकांची बायको मध्ये आली आणि तिने ते पोराच्या हातातून काढून घेतलं. नवऱ्याची टोपी अजून तिच्या दुसऱ्या हातात होती. "दॅट्स इनफ," ती म्हणाली. एवढंच. कुणाकडे बघितलं नाही. तिच्या मागे संस्थापक उभे होते, चेहऱ्यावर ते गोंधळलेलं हसू होतं, आणि त्यांनी अध्यक्षांना विचारलं, "सामना सुरू झाला का?"

अध्यक्षांचं हसू गेलं. फिजिओने एकदा संस्थापकांकडे बघितलं, मग आमच्या मुलाकडे. "मी याला परवानगी देत नाही," ती कोचला म्हणाली. "तो बाहेर."

कारपार्कमध्ये आमच्या गाडीशी पोचेपर्यंत मुलगा दोनदा ओकला. नवरा चहाचे दोन कप हातात घेऊन धावत आला तेव्हा मी त्याला कप टाकून गाडी काढायला सांगितलं. हॉस्पिटलात स्कॅन केला. स्कॅन स्वच्छ निघाला. कन्कशन, विश्रांती घ्या, स्क्रीन बघू नका, काही आठवडे खेळ नाही. मी त्या रजिस्ट्रार डॉक्टरच्या पाया पडले नाही एवढंच. पण त्या स्वच्छ स्कॅनने माझा घात केला. क्लब सामना थोडक्यात हरला आणि वरच्या गटात गेला नाही. मग ज्याने त्याने आपापला हिशोब मांडला: बाई वेडी झाली, पोराला काही झालंच नव्हतं, आमचा सीझन गेला. मी हेल्मेटवर बसलेय असा फोटो लॅड्सच्या ग्रुपवर फिरला. नवऱ्यानेही एका संध्याकाळी, भांडी पुसता पुसता, अगदी सहज विचारलं, "तुला नक्की तसंच ऐकू आलं ना? वारा फार होता."

मी त्याच्याशी बरेच दिवस बोलले नाही.

मुलगा पडदे लावून घरी पडून होता. उजेड सहन होत नव्हता, आवाज सहन होत नव्हता, आणि मी तर मुळीच नाही. जेवणाचं ताट दाराबाहेर ठेवायचं आणि रिकामं उचलायचं. हळूहळू डोकेदुखी गेली. तो खाली येऊन जेवायला लागला, मग फोनवर बोलायला, मग मित्रांशी हसायला. घरातलं इंग्रजी पूर्ववत झालं. मला बरं वाटत होतं आणि रोज थोडं वाईटही वाटत होतं, आणि हे दुसरं मी कुणाला सांगणार?

ईस्टरनंतर त्याने जेवणाच्या टेबलावर सांगितलं की जीपीने, म्हणजे आमच्या फॅमिली डॉक्टरने, त्याला खेळायची परवानगी दिली आहे आणि पुढच्या सीझनला तो परत क्लबमध्ये जाणार आहे.

मी नाही म्हणाले. तो म्हणाला, तो एकवीस वर्षांचा आहे. मी संस्थापकांबद्दल बोलले, तो म्हणाला, ते म्हातारे आहेत. मी पाच प्रश्नांबद्दल बोलले. तो म्हणाला, त्याला ती उत्तरं खरंच येत होती, पाठ असली म्हणून काय झालं. आवाज चढले. नवरा ताटात बघत होता.

"तू बरा नव्हतास," मी म्हणाले. "तू मला आजीच्या फोनचं विचारलंस. मराठीत. सगळ्यांसमोर."

तो थांबला. खरोखर आठवायचा प्रयत्न करत होता, ते मला दिसत होतं. मग त्याने मान हलवली, आणि पहिल्यांदाच त्याच्या आवाजात राग नव्हता, कीव होती.

"मम," तो म्हणाला, "आय डोन्ट ईव्हन स्पीक मराठी."

तो खोटं बोलत नव्हता. त्या मैदानावर एवढी माणसं होती, सगळ्यांनी ते वाक्य ऐकलं होतं, आणि ते कळलेली मी एकटीच होते.